पाठीवरचा हात

नमस्कार मंडळी. मी इथेच नाशिकला, इंदिरानगरमध्ये सकाळी साडेपाच आणि संध्याकाळी साडेसहा असे योगाचे दोन वर्ग घेते, 14 वर्षं झाली. पण आज आसनांची यादी सांगायला नाही आले, माझ्या पाठीचं सांगणार आहे.

शिकत होते तेव्हा पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय लांब करून बसून पुढे वाकताना, कपाळ गुडघ्याला टेकलंच पाहिजे असं डोक्यात पक्कं बसलेलं, आणि एक दिवस शिकवणाऱ्यांनी मागून पाठीवर हात ठेवून दाबलं तर मांडीच्या मागे चटकन काहीतरी झालं. पुढचे तीन महिने मांडी घालून बसता येईना, स्कूटरवर पंचवटीपर्यंत जायचं म्हटलं तरी नको वाटायचं. दुखतंय हे मी तेव्हा तोंडाने बोललेच नाही, ते मला आजही खुपतं.

त्या रिकाम्या दिवसांत पतंजलींची योगसूत्रं नीट वाचली. जवळजवळ दोनशे सूत्रांत थेट आसनावर तीनच आहेत! ‘स्थिरसुखमासनम्’ सगळ्यांना पाठ असतं, पण लगेच पुढच्या सूत्रात ‘प्रयत्नशैथिल्य’ येतं, म्हणजे लावलेला जोर सैल करायचा, ते कुणी सांगतच नाही हो.

आता मी कुणाच्याच पाठीवर दाबत नाही. मांडीमागचे स्नायू बैठकीच्या हाडांना जोडलेले असतात, ते आखडले असतील तर खुब्यातून वाकताच येत नाही आणि सगळा ताण कमरेच्या मणक्यांवर जातो. म्हणून बैठकीखाली चादरीची घडी, गुडघे थोडे वाकलेले, आणि हात पोचतील तिथे ठेवायचे. नडगीपर्यंत पोचले तरी आसन झालं, खरंच झालं.

सातपूर, अंबडच्या कंपन्यांत शिफ्ट करणारे बरेच जण येतात माझ्याकडे. त्यातले एक काका आठ-आठ तास मशीनसमोर उभे राहणारे, त्यांना सगळ्यात अवघड काय गेलं तर शवासन, डोळे सताड उघडे आणि पाय सारखे हलत. गुडघ्यांखाली लोड दिला आणि म्हटलं काका, बाकी काही करू नका, फक्त श्वास सोडणं लांबवा. साधारण तिसऱ्या आठवड्यात ते चक्क घोरायला लागले. वर्गातली पोरं हसली, मला मात्र भरून आलं, कारण नाइट शिफ्टनंतर दिवसा डोळाच लागत नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं. त्यांना तसंच झोपू दिलं, वर्ग दहा मिनिटं उशिरा संपवला.

आत्ता बसल्या जागी करून बघा. डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटं ठेवा, नाडी सापडली की चार मोजत श्वास घ्या आणि सहा मोजत सोडा. सोडताना ठोके किंचित मंदावतात, बऱ्याच जणांना बोटाखाली कळतं. बीपी असेल त्यांनी श्वास अजिबात रोखायचा नाही. मिळाली नाडी? मग मिटा डोळे.