राउटरच्या मागचा रिकामा यूएसबी पोर्ट

मित्रहो, घरातल्या राउटरला आपण इंटरनेटपुरतंच ओळखतो. बऱ्याच राउटरच्या मागे एक यूएसबी पोर्ट असतो आणि तो वर्षानुवर्षं रिकामा राहतो. त्यात एक डिस्क जोडून सेटिंगच्या पानावर मीडिया सर्व्हर सुरू केला, की घरातला टीव्ही, फोन, लॅपटॉप त्या डिस्कवरचे सिनेमे, गाणी आणि फोटो थेट उघडू शकतात. राउटर तसाही रात्रंदिवस चालू असतो, त्यामुळे त्यासाठी वेगळा संगणक जागा ठेवावा लागत नाही. शिवाय बाहेरचं इंटरनेट बंद पडलं तरी हे चालू राहतं, कारण डेटा घराबाहेर जातच नाही. आपल्या फाइली आपल्या घरात, आपल्या हाताखाली असाव्यात असं मला मनापासून वाटतं, म्हणून आज हा विषय घेतला.

राउटरला हे जमतं, कारण बहुतेक राउटर म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारा छोटा संगणकच असतो. २००३ मध्ये लिंकसिसने आपल्या एका राउटरमधल्या लिनक्सचा सोर्स कोड परवान्याच्या अटींनुसार खुला केला आणि पुढच्याच वर्षी त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हा राउटरसाठीच्या खुल्या सॉफ्टवेअरचा प्रकल्प उभा राहिला. साम्बा, मिनीडीएलएनए असे प्रोग्राम त्यावर चालू लागले. आज कंपन्यांच्या स्वतःच्या फर्मवेअरमध्येही (राउटरमध्ये आधीच भरलेल्या सॉफ्टवेअरमध्येही) बहुधा हेच प्रोग्राम वेगळ्या नावाने बसवलेले असतात.

साम्बामुळे डिस्क नेटवर्कवरच्या फोल्डरसारखी दिसते, तिच्यावर फाइली टाकता आणि काढता येतात. मिनीडीएलएनए ज्या डीएलएनए मानकावर चालतो, ते फक्त बघण्या-ऐकण्यासाठी आहे. टीव्ही नेटवर्कवर २३९.२५५.२५५.२५० या सामायिक पत्त्यावर, पोर्ट १९०० वर हाक मारतो, ‘इथे कोणी मीडिया सर्व्हर आहे का?’ राउटर ओ देतो आणि यादी टीव्हीच्या पडद्यावर येते. हे मानक ठरवणारी डीएलएनए ही संस्था २०१७ मध्ये विसर्जित झाली, पण तिचं मानक टीव्हींमध्ये अजून नांदतं आहे. टीव्हीला सर्व्हर सापडत नसेल, तर तो चुकून गेस्ट नेटवर्कवर जोडलेला नाही ना, हे आधी बघा. गेस्ट नेटवर्क मुद्दामच घरच्या उपकरणांपासून तोडलेलं असतं, तिथली हाक राउटरच्या सर्व्हरपर्यंत पोचत नाही.

आता मुख्य मुद्दा. राउटर फाइल पोचवतो, उलगडत नाही. तो ग्रंथपालासारखा आहे: मागितलेलं पुस्तक काढून देईल, पण ते तुमच्या भाषेत अनुवाद करून देणार नाही. मोठ्या संगणकावरचा मीडिया सर्व्हर न झेपणारा व्हिडिओ चालता चालता दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलून देतो, त्याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. राउटरच्या प्रोसेसरला ते पेलत नाही. म्हणजे फाइल चालेल की नाही हे सर्वस्वी टीव्हीवर ठरतं. चित्र दिसतं पण आवाज नाही, ही तक्रार सारखी ऐकू येते. अशा वेळी फाइलमधला आवाज बहुधा डीटीएस या फॉरमॅटमध्ये असतो आणि टीव्ही तो वाचत नाही. लोक मात्र राउटर रीस्टार्ट करत बसतात!

यावर उपाय एकच, काम आधी करून ठेवायचं. एच.२६४ व्हिडिओ आणि एएसी आवाज असलेली एमपी४ फाइल जवळजवळ कुठेही चालते. फक्त आवाजच अडत असेल, तर एफएफएमपेग हा प्रोग्राम वापरून चित्राला हात न लावता तेवढा आवाज बदलता येतो. यात चित्राचा दर्जा तसूभरही घटत नाही आणि वेळही फार लागत नाही.

वेगाची चिंता लोक उगाच करतात. चांगल्या फुल एचडी फाइलला सेकंदाला १० मेगाबिट पुरतात, म्हणजे सव्वा मेगाबाइट. यूएसबी २.० ची कमाल मर्यादाच ४८० मेगाबिटची आहे. ४के ब्लू-रेची मूळ फाइल मात्र १०० मेगाबिटच्याही वर जाऊ शकते. कित्येक टीव्हींचा केबलचा पोर्ट १०० मेगाबिटचाच असतो, तिथे ती अडखळणारच.

डिस्क निवडताना मात्र काळजी हवी. १० मेगाबिटचा दोन तासांचा सिनेमा ९ जीबीच्या आसपास जातो आणि फॅट३२ या फाइल सिस्टिममध्ये (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीत) एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही. एनटीएफएस चालतं, पण जुन्या राउटरवर प्रोसेसर दमवतं. डिस्क कायम राउटरलाच राहणार असेल आणि राउटर स्वीकारत असेल, तर मी लिनक्सची ईएक्सटी४ ही पद्धत सुचवेन. वीजही बघा. यूएसबी २.० पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० पोर्ट ९००. फिरत्या हार्ड डिस्कला सुरू होताना याहून जास्त लागू शकतात, मग ती मध्येच गायब होते. स्वतंत्र वीज घेणारा हब लावला की हा त्रास मिटतो. आणखी एक विचित्र वाटणारी गोष्ट आहे. यूएसबी ३.० च्या डेटामुळे २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट होतो, इंटेलने २०१२ मध्ये त्यावर निबंधही प्रसिद्ध केला. डिस्क जोडल्यावर वाय-फाय मंदावलं, तर चांगल्या आवरणाची केबल वापरा आणि डिस्क अँटेनापासून दूर ठेवा.

एका बाबतीत मी हट्टी आहे. ही डिस्क इंटरनेटवर उघडी टाकू नका. २०१४ मध्ये एसुसच्या राउटरमधल्या त्रुटींचा फायदा घेऊन हल्लेखोरांनी १२,९०० हून अधिक ग्राहकांच्या जोडलेल्या डिस्कपर्यंत प्रवेश मिळवला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीवर कारवाई केली आणि २०१६ मध्ये तडजोड झाली. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘बाहेरून एफटीपी’ किंवा ‘क्लाउड डिस्क’ अशी बटणं असतील तर ती बंदच ठेवा. साम्बा ज्या एसएमबी पद्धतीने फाइली देतो, तिची एसएमबी१ ही जुनी आवृत्तीच फक्त जुना राउटर देत असेल, तर साम्बाही बंद करा. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा फाइली ओलीस धरणाऱ्या व्हायरसचा हल्ला याच एसएमबी१ मधल्या त्रुटीतून पसरला होता. त्याच वर्षीपासून विंडोजच्या नव्या आवृत्त्यांत ते मुळात बसवलेलं नसतं, म्हणून लॅपटॉपला अशी डिस्क उघडत नाही आणि लोक लगेच ते पुन्हा चालू करायला धावतात. कृपा करून तसं करू नका. डिस्क काढून संगणकाला लावा, फाइली भरा आणि परत जोडा. डीएलएनएवर सिनेमा तसाही दिसतोच.

मघाशी कोणीतरी विचारलं, प्रवासात असताना घरचे फोटो बघायचे असतील तर? राउटरमध्ये वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएन ही बाहेरून घरच्या नेटवर्कपर्यंत सुरक्षित बोगदा काढणारी सोय असेल, तर त्यातून आधी घरच्या नेटवर्कमध्ये शिरा आणि मग साम्बाचं फोल्डर उघडा. डीएलएनएची हाक त्या बोगद्यातून सहसा पलीकडे जात नाही, त्यामुळे यादी रिकामी दिसली तर राउटरचा पत्ता हाताने टाकावा लागेल. आणि त्या फोटोंची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर, राउटरला न जोडलेल्या, नक्की ठेवा.