बोर्डिंगांचं गाव कोल्हापूर

(पहाट. करूळ घाटाच्या वळणावर धुकं. एस.टी.चे दिवे.)

महाराष्ट्रातलं तुमचं सगळ्यात आवडतं शहर कोणतं, असं विचारलं की बहुतेक जण आपल्याच गावाचं नाव घेतात. पुणेकर पुण्याचं, नागपूरकर नागपूरचं. जिथे नाळ पुरली तिथे जीव अडकणारच. म्हणून मी हाच प्रश्न जरा फिरवून विचारते. जिथे तुमचा जन्म झाला नाही, जिथे घर नाही, शेत नाही, भावकी नाही, असं कोणतं शहर तुम्हाला आपलं वाटतं?

माझं उत्तर कोल्हापूर.

मी घाटाखालची, वैभववाडीकडची. आमच्याकडे मोठा दवाखाना असो, लग्नाचा बस्ता असो, नाहीतर पोरांचं कॉलेज, सगळ्यासाठी माणसं घाट चढतात. वर गगनबावडा, आणि तिथून कोल्हापूर ५५ किलोमीटर. हिवाळ्यात या रस्त्यावर गुऱ्हाळातल्या उकळत्या रसाचा वास गाडीत शिरतो. कळे मागे पडतं, बालिंग्याचा पूल ओलांडला की फुलेवाडी, आणि मग एकदम रंकाळ्याचं पाणी समोर येतं.

(रंकाळा स्टँड. माणसं उतरताहेत.)

शिकायला आले तेव्हा याच स्टँडवर ट्रंक घेऊन उभी होते. शेजारी गजरे विकणाऱ्या मावशींनी आधी विचारलं, "कुठनं आलीस गं?" आणि माझं उत्तर पुरतं ऐकायच्या आत दुसरा प्रश्न, "जेवलीस काय?"

वसतिगृहात खोलीतल्या मुली "मी आलो", "मी जेवतो" असं बोलायच्या. कोल्हापुरात बायका स्वतःबद्दल असंच बोलतात. महिन्याभरात माझ्याही तोंडात ते बसलं. दिवाळीला घरी गेले, सुट्टी संपल्यावर निघताना म्हटलं, "आई, मी येतो." आई चुलीपुढून उठून बाहेर आली आणि बघतच राहिली. "अगो, तू चेडू काय झील?" म्हणजे, तू मुलगी की मुलगा?

(दसरा चौक. सकाळची रहदारी.)

हा दसरा चौक. मधोमध राजर्षी शाहू महाराज. दसऱ्याला इथे सोनं लुटायला अख्खं शहर लोटतं. पण एरवी कधी आलात तर आजूबाजूच्या पाट्या वाचा. जैन बोर्डिंग. मुस्लिम बोर्डिंग. शहरात आणखी मराठा बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग. कोल्हापूरकर वसतिगृहाला बोर्डिंगच म्हणतात. माझ्या मते या शहराचं मन कळायचं असेल तर सुरुवात या पाट्यांपासून करावी.

शाहू महाराज स्वतः कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक आलेले. १८९४ साली राज्यकारभार हाती आला तेव्हा वयाची वीस वर्षंही पुरी झाली नव्हती. शाळा शहरात होत्या, पोरं खेड्यात. शेतकऱ्याचा पोरगा चालत शहरात आला, तरी राहायचं कुणाकडे आणि जेवायचं कुणाच्या पंगतीला? सोवळ्याओवळ्याच्या त्या दिवसांत या एका प्रश्नापाशी हजारो पोरांची शाळा संपत होती. महाराजांनी आधी सगळ्यांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं. बहुजनांची पोरं तिथे टिकेनात. तेव्हा त्यांनी एकेका समाजाला हाताशी धरलं. कुणाला जागा दिली, कुणाला इमारत, कुणाला वर्षासन. १९०१ मध्ये मराठा आणि जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. त्यांच्या हयातीत अशी वीसएक बोर्डिंगं उभी राहिली.

आज जातवार वसतिगृह हा शब्दसुद्धा खटकतो, आणि खटकायलाच हवा. पण त्या पोराच्या जागी उभं राहून बघा. त्याला आधी डोक्यावर छप्पर हवं होतं आणि दोन वेळची भाकरी. ती मिळाली, मग तो शिकला. कुंभोजचे भाऊराव पाटील याच जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकले आणि पुढे १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. कर्मवीरांनी साताऱ्यात पोरं गोळा करून वसतिगृह उभं केलं, त्याचं बी इथलं.

२६ जुलै १९०२ चा आदेश सगळ्यांना ठाऊक आहे. संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या समाजांसाठी. १९१७ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण. हे पुस्तकांत आहे. मला त्याहून जवळची वाटते ती भाऊसिंगजी रोडवरची एक गोष्ट.

(भाऊसिंगजी रोड. दुकानांच्या पाट्या, चहाचं आधण.)

गंगाराम कांबळे महाराजांच्या पागेत नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामना सांगितलं, नोकरी सोड, स्वतःचा धंदा काढ. गंगारामनी याच रस्त्यावर चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा, शहरात प्यायला येणार कोण? महाराज आले. भर रस्त्यात गाडी थांबवायची, तिथला चहा मागवायचा, स्वतः प्यायचा आणि बरोबरच्या मंडळींनाही द्यायचा. छत्रपतींनी घेतलेला कप नाकारायची हिंमत कुणाची होणार?

एका कप चहाने जात गेली नाही, आणि ती अजून गेलेली नाही. पण भर रस्त्यात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एक दार उघडलं गेलं, आणि ते राजाने स्वतः उघडलं.

(तालीम. शड्डूचा आवाज. लाल माती.)

तालमीत गेलात तर हेच दिसेल. कुस्तीच्या हौद्यातली ही माती हातात घेऊन बघा. मऊ आणि किंचित तेलकट लागते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मुरवलेला असतो. शेजारच्या गावचं पोरगं असो की परराज्यातलं, अंगाला एकच माती लागते. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे सीमेपलीकडच्या एकसंब्याचे. १९५९ मध्ये त्यांनी दिल्लीत गदा जिंकली आणि नाव झालं कोल्हापूरचं. दीनानाथ सिंह उत्तर प्रदेशातून आले, १९६६ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले, पुढे हिंदकेसरी, आणि कोल्हापूरचेच झाले. खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, शिकायला राजाराम कॉलेजात. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा त्यांच्या प्राचार्यांनी स्वतःचं राहतं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. दुसऱ्याच्या पोरासाठी. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

(खासबाग मैदान, रिकामं. कॅमेरा वरच्या पायरीवरून.)

हे खासबाग. १९१२ चं. कुठेही बसा, मधला आखाडा सारखाच दिसतो.

जेवणाबद्दल एवढंच सांगते, की परगावच्या हॉटेलांत 'कोल्हापुरी' म्हणून नुसतं जाळ तिखट वाढतात, त्यावरून या शहराची परीक्षा करू नका. इथे मसाल्याला चटणी म्हणतात. उन्हाळ्यात डंकावर कांडून आणलेली कांदा-लसूण चटणी वर्षभर पुरवतात. आणि तांबड्याच्या शेजारी पांढरा रस्सा असतोच, जीभ निववायला.

(पंचगंगा घाट. पाण्यावर जलपर्णी.)

माझं या शहरावर प्रेम आहे म्हणूनच हेही दाखवायला हवं. ही पंचगंगा. हिच्यात सांडपाणी येतं, आणि उन्हाळ्यात घाटावर उभं राहवत नाही. हीच नदी पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडते, तेव्हा खालच्या पेठांत रात्रभर कुणाचा डोळा लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये महामार्ग कित्येक दिवस पाण्याखाली होता. शिकलेली पोरं नोकरीसाठी पुण्याला जातात, आणि मागे घरांत म्हातारी माणसं उरतात. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ चं. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. त्या रात्री माणसं रस्त्यावर उभी राहून रडत होती. मी दूर होते, फोनवर बघत होते, आणि मलाही राहवलं नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये इथे उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांसाठी. चाळीसएक वर्षं मागणी होती. आमच्याकडच्या माणसाला जमिनीच्या खटल्यासाठी मुंबई गाठावी लागायची, तो आता सकाळच्या गाडीने घाट चढतो आणि रात्री घरी जेवायला असतो.

(गंगावेश. संध्याकाळ. दुधाचा कट्टा.)

आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मागच्या वर्षी तिला कोल्हापूरला आणलं. डॉक्टरांनी फिरायला परवानगी दिली त्या संध्याकाळी गंगावेशीत घेऊन आले. म्हशी रांगेने उभ्या. गवळी उकिडवा बसतो, मांडीत कळशी धरतो, धार काढतो आणि तेच कोमट दूध पेल्यात ओततो. वर दोन बोटं फेस. आई पेला हातात घेऊन उभी राहिली, पण तिचं लक्ष म्हशीकडे. आयुष्यभर गोठा केलेली बाई. "हिका वैरण काय घालतास?" गवळीदादांना मालवणी किती कळलं कोण जाणे, पण त्यांनी सरकी, पेंड, उसाचं वाडं, सगळं सांगितलं. मग आईने आमच्या गाईचं दुखणं काढलं. अर्धा तास दोघं बोलत होती. दुसऱ्या पेल्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

निघताना आईने पदर सावरला, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला आणि गवळीदादांना म्हणाली,

"येतो हां."