पालवीच्या मागावर : वेताळ टेकडीवरील वसंतातली फुलपाखरे

(दृश्य : सकाळचे कोवळे ऊन, वाळलेले गवत, निष्पर्ण गणेर आणि त्याची पिवळीधमक फुले)

फाल्गुन लागला की पुण्याच्या वेताळ टेकडीवरचे गवत पार वाळून जाते. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीच्या या माथ्यावर पावसाळ्यात गुडघाभर हिरवळ असते. आता तिथे पिवळट काड्या, उघडा खडक आणि एकही पान नसलेल्या फांद्यांवर फुललेला गणेर एवढेच दिसते. या दिवसांत फुलपाखरे पाहण्यासाठी म्हणून टेकडीवर सहसा कोणी येत नाही आणि त्याचे कारण रास्त आहे, कारण महाराष्ट्रात फुलपाखरांचा खरा हंगाम पावसाच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि दिवाळीच्याही पुढे चालतो. थंड देशांत हिवाळाभर दडून बसलेली फुलपाखरे ऊन तापू लागले की बाहेर पडतात आणि तिथले हौशी निरीक्षक त्यांच्या पहिल्या दर्शनाची तारीख लिहून ठेवतात. आपल्याकडे तसा कडाक्याचा हिवाळा नसल्यामुळे फुलपाखरे कधीच पूर्णपणे नाहीशी होत नाहीत आणि म्हणून त्यांच्या परतण्याची वाटही कोणी पाहत नाही. तरीही वसंतात टेकडीवर एक नवी पिढी सुरू होते. तिचा माग काढायचा असेल, तर फुलांपेक्षा कोवळ्या पानांवर नजर ठेवावी लागते.

(दृश्य : पायवाटेवर पंख पसरून बसलेले ब्लू पॅन्सी)

साडेआठच्या सुमारास पायवाटेच्या मधोमध, फिरायला येणाऱ्यांच्या बुटांपासून जेमतेम हातभर अंतरावर, ब्लू पॅन्सीचा नर पंख सपाट पसरून ऊन खात बसलेला आहे. उडण्याचे स्नायू पुरेसे तापल्याशिवाय फुलपाखराला नीट उडता येत नाही, म्हणून सकाळचा पहिला तास ते उघड्या जमिनीवर घालवते. कोणी जवळून गेले की ते उठते, एक गिरकी घेते आणि पुन्हा त्याच दगडाशेजारी येऊन बसते, कारण तेवढा पट्टा त्याने आपला मानलेला असतो. मात्र याला वसंतातले पहिले फुलपाखरू म्हणता येणार नाही. कॅमेरा जवळ नेल्यावर त्याच्या पंखांच्या कडा विरलेल्या दिसतात, मागच्या पंखाचा एक तुकडा पक्ष्याने ओढून नेलेला दिसतो आणि निळ्या रंगावरचे खवले झडलेले दिसतात. नुकत्याच जन्मलेल्या फुलपाखराच्या पंखांची किनार अखंड असते. या दिवसांत टेकडीवर फिरताना आधी नाव ओळखण्याची घाई करण्यापेक्षा समोरचे फुलपाखरू जुने आहे की ताजे, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

(दृश्य : वाघाटीचे झुडूप, आकडेदार काटे, पांढरी आणि गुलाबी फुले एकाच फांदीवर)

ताजी किनार असलेले फुलपाखरू शोधायचे असेल, तर वाघाटीपाशी थांबावे. आषाढी एकादशीचा उपवास सोडताना द्वादशीला ज्या वाघाटीच्या फळांची भाजी करण्याची रीत आहे, तीच ही वाघाटी. वाघनखासारखे आकडेदार काटे असलेली ही वेल दुसऱ्या झुडपांवर चढते आणि वर्षातले बरेच महिने कोणाच्या लक्षातही येत नाही, परंतु फेब्रुवारी-मार्चमध्ये तिला बहर येतो. लांब पुंकेसरांची ही फुले उमलताना पांढरी असतात आणि नंतर गुलाबी होतात, त्यामुळे एकाच फांदीवर दोन्ही रंग दिसतात. पाहणाऱ्याची नजर साहजिकच फुलांवर जाते. फुलपाखराच्या मादीचे सगळे लक्ष मात्र त्याच फांदीच्या टोकाला फुटलेल्या कोवळ्या पानांकडे असते.

कॉमन गल, पायोनियर आणि व्हाइट ऑरेंज टिप या तिन्ही जातींच्या अळ्या वाघाटीच्या कुळातल्या वनस्पतींवर वाढतात. चित्रात दिसणारी कॉमन गलची मादी झुडपाभोवती घिरट्या घालते, एका पानावर क्षणभर टेकते, पुढच्या पायांनी ते चाचपते आणि निघून जाते. तिच्या पायांवर रसायने ओळखणारी संवेदके असतात, त्यामुळे पाय लागताच पान योग्य जातीचे आहे की नाही हे तिला कळते. जून पाने ती सोडून देते. कोवळा शेंडा सापडल्यावर ती पोट वळवून अंडे चिकटवते आणि सगळा प्रकार इतक्या झटपट उरकतो की चित्रफीत संथ केल्याशिवाय तो नीट दिसत नाही. अंडी दिल्यावर मादी तिथे थांबत नाही. पुढच्या पिढीसाठी तिने केलेली एकमेव तजवीज म्हणजे पानाची निवड, आणि म्हणूनच टेकडी साफसूफ करण्याच्या उत्साहात काटेरी म्हणून जे झुडूप सर्वांत आधी तोडले जाते, त्याच्याकडे या चित्रीकरणात आम्ही इतका वेळ दिला आहे.

(दृश्य : रुई, पानाखाली अंडे, प्लेन टायगरची अळी)

रुईची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण तिला पालवीची वाट पाहावी लागत नाही. सगळी टेकडी वाळलेली असताना रुई हिरवीगार उभी असते आणि शनिवारी मारुतीला घालायच्या माळेसाठी लोक तिची पाने तोडून नेतात. प्लेन टायगरची मादी याच पानांच्या पाठीमागे एकेक अंडे घालते. दुधी रंगाच्या त्या अंड्यावर उभे बारीक कंगोरे असतात, आणि ते साध्या भिंगातूनही दिसतात. अळीच्या अंगावर काळे, पांढरे आणि पिवळे पट्टे असतात, ती लपण्याचा अजिबात प्रयत्न करत नाही, कारण रुईच्या चिकातली विषारी द्रव्ये तिच्या शरीरात साठतात आणि फुलपाखरू झाल्यावरही टिकून राहतात. पक्ष्यांना हा अनुभव एकदा आला की ते पुन्हा वाटेला जात नाहीत. छोटा चांदवा, म्हणजेच डॅनेड एगफ्लाय, याची मादी विषारी नसूनही हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते आणि त्या दहशतीचा फायदा उठवते. दोघींना उडताना वेगळे ओळखणे अनुभवी निरीक्षकालाही कठीण जाते. बसल्यावर मागच्या पंखावरचे काळे ठिपके मोजावेत.

पायथ्याच्या आंब्यावर जिथे बांडगूळ वाढले आहे, तिथे मान वर करून पाहावे. हळदीकुंकू हे अचूक मराठी नाव मिळालेले फुलपाखरू, इंग्रजीतले कॉमन जेझबेल, बांडगुळाच्या पानांवर गटाने अंडी घालते. पंखांची वरची बाजू साधी पांढरी असते आणि हळदीचा पिवळा व कुंकवाचा लाल हे दोन्ही रंग खालच्या बाजूला असतात, त्यामुळे ते पंख मिटून बसले की अधिक उठून दिसते. बागायतदार बांडगूळ काढतो, कारण त्याचे झाड सुकते. टेकडीवरच्या झाडांना तो नियम जसाच्या तसा लावण्याची गरज नाही.

(दृश्य : घराच्या गॅलरीतील कढीपत्त्याची कुंडी, जवळून घेतलेली दृश्यमालिका)

अंडे दिल्यानंतरचा सगळा प्रवास टेकडीवर सलग चित्रित करणे अवघड असते, म्हणून कॅमेरा आता टेकडीखालच्या एका घराच्या गॅलरीत आला आहे. कुंडीतल्या कढीपत्त्याला वसंतात तांबूस-हिरवे कोंब फुटतात आणि कॉमन मॉरमॉनची मादी ते बरोबर शोधून काढते. पिवळसर, गोल, मोहरीहून किंचित लहान असे अंडे कोवळ्या पानाच्या कडेला दिसते. तीन-चार दिवसांनी त्यातून बाहेर पडलेली अळी प्रथम स्वतःच्या अंड्याचे कवच खाते आणि मग पानाकडे वळते. सुरुवातीच्या अवस्थांमध्ये ती तपकिरी असते, मधोमध पांढरा डाग असतो, अंगावर ओलसर चकाकी असते, आणि ती थेट पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखी दिसते. पानाच्या पृष्ठभागावर उघड्यावर बसूनही ती वाचते ती याच सोंगामुळे.

चार वेळा कात टाकल्यानंतर तिचे रूप पालटते. आता ती हिरवी, जाड आणि पानात मिसळून जाणारी झालेली असते, आणि तिच्या खांद्यावर डोळ्यांसारखे दोन ठिपके उमटलेले असतात. काडीने हलकेच स्पर्श केल्यावर काय होते ते पडद्यावर दिसत आहे : डोक्यामागून लालसर रंगाची, दोन शिंगांसारखी ओली ग्रंथी झटकन बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. मुंग्या आणि कोळी यांना दूर ठेवण्यासाठी ही सोय उपयोगी पडते. तिच्या शरीरात अंडी घालणाऱ्या इवल्या परजीवी माश्यांपुढे मात्र ती अनेकदा अपुरी ठरते. विदर्भातल्या संत्र्याच्या रोपवाटिकांत याच कुळातल्या लाइम बटरफ्लायची अळी नवी पालवी फस्त करते आणि बागायतदार तिला कीड म्हणतो, ते त्याच्या जागी योग्यच आहे. कुंडीतला कढीपत्ता मात्र अळीने ओरबाडला तरी पुन्हा फुटतो, आणि फोडणीपुरती पाने बाजारात मिळतात.

पूर्ण वाढ झालेली अळी खाणे थांबवते, पोट रिकामे करते आणि जागेच्या शोधात भटकू लागते. एखादी काडी पसंत पडल्यावर ती तिथे रेशमाची छोटी गादी विणते, मागचे टोक तिच्यात अडकवते आणि पाठीभोवती रेशमाचा एक धागा घेऊन स्वतःला बांधून घेते. सुमारे एका दिवसाने शेवटची कात निघते आणि आतून कोष उघडा पडतो. हिरव्या पानांमध्ये असेल तर कोष बहुधा हिरवा होतो, वाळक्या काडीवर असेल तर तपकिरी. बाहेरून काहीच हालचाल दिसत नाही, परंतु आत अळीच्या बऱ्याचशा ऊती विरघळतात आणि तिच्या शरीरात लहानपणापासून राखून ठेवलेल्या पेशीपुंजांपासून पंख, लांब पाय आणि डोळे घडतात. फुलपाखरू बाहेर येण्याच्या आदल्या रात्री कोषाची भिंत पारदर्शक होते आणि घडी घातलेले काळे पंख बाहेरून दिसू लागतात.

सकाळी कोष डोक्याच्या बाजूने उकलतो. आधी पाय बाहेर येतात आणि रिकाम्या कवचाला धरतात, मग सगळे शरीर ओढून काढले जाते. या क्षणी पोट फुगलेले असते आणि पंख चुरगळलेल्या ओल्या चिंधीएवढे असतात. शरीरातले द्रव पंखांच्या शिरांमध्ये पंप केले जाते आणि काही मिनिटांत पंख पूर्ण आकार घेतात. त्याच वेळी सोंडेकडेही पाहावे, कारण ती जन्मतः दोन वेगळ्या भागांत असते आणि फुलपाखरू तिची गुंडाळी पुन्हा पुन्हा उलगडून ते दोन भाग जोडून घेते. ही जोडणी चुकली, तर त्याला आयुष्यभर मध पिता येत नाही. त्यानंतर ते पंख वाळेपर्यंत लटकून राहते. चित्रातली मादी आहे आणि तिच्या मागच्या पंखांवर पांढरा पट्टा व लाल ठिपके आहेत; म्हणजे ती आपल्या नरासारखी न दिसता ईश्वरीच्या विषारी वेलीवर वाढणाऱ्या कॉमन रोझसारखी दिसते. याच जातीत नरासारख्या दिसणाऱ्या आणि क्रिमझन रोझसारख्या दिसणाऱ्या माद्याही असतात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेले ब्लू मॉरमॉन हे हिचेच मोठे नातलग आहे.

(दृश्य : टेकडीवरील खाणीतले पाणी, ओल्या कडेला जमलेली फुलपाखरे)

दुपार होण्याआधी पुन्हा टेकडीवर, जुन्या खाणीच्या काठी जाऊ. पाणी आटत चालल्यावर कडेला जो ओला चिखल उघडा पडतो, त्यावर कॉमन एमिग्रंट आणि गलचे नर दाटीने बसून सोंडेने क्षार शोषतात. या चिखलपानातून मिळालेले सोडियम ते मीलनाच्या वेळी मादीला देतात आणि ते अंड्यांच्या उपयोगी पडते. माद्या येथे क्वचितच दिसतात, कारण त्या या वेळी पालवीच्या शोधात असतात.

(दृश्य : जळून काळा पडलेला उतार)

दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर टेकडीच्या वाळलेल्या गवताला आग लागते आणि त्या पट्ट्यातली अंडी, अळ्या व कोष जळून जातात.

(दृश्य : करंजाची पोपटी पालवी, बहाव्याचे कोंब)

शहरात राहणाऱ्या ज्यांना टेकडी जवळ नाही, त्यांनी रस्त्याकडेच्या करंजाखाली उभे राहावे. मार्च-एप्रिलमध्ये या झाडाला पोपटी पालवी फुटते आणि कॉमन बँडेड ऑल नावाचे तपकिरी, अतिवेगवान फुलपाखरू त्या कोवळ्या पानांवर अंडी घालण्यासाठी येते. ते इतक्या झपाट्याने उडते की पुष्कळांना तो पतंगच (मॉथ) वाटतो. देशभरातली फुलपाखरांची मोठी गणना, बिग बटरफ्लाय मंथ, सप्टेंबरमध्ये होते. त्यामुळे फाल्गुन-चैत्रातली एखादी साधी नोंदही मोलाची असते, मात्र तिच्यात जात, जागा आणि तारीख यांच्याबरोबर फुलपाखरू कोणत्या झाडावर होते आणि त्याच्या पंखांची किनार अखंड होती की विरलेली, हे लिहिलेले असावे. आय-नॅचरलिस्ट किंवा बटरफ्लाइज ऑफ इंडिया या संकेतस्थळांवर छायाचित्रासह अशी नोंद करता येते.

एप्रिलच्या मध्यापर्यंत वाघाटीची पाने जून होतात. तोवर बहाव्याला नवे कोंब आलेले असतात आणि कॉमन एमिग्रंटच्या माद्या त्याच्याकडे वळतात, त्यामुळे त्यापुढच्या सकाळी टेकडीचा चढ चढण्याऐवजी घराजवळचा बहावा गाठावा आणि नऊच्या आत गाठावा.