राबणं वेगळं, फिरणं वेगळं

(येळ्ळूरचं शिवार, मागे ढगांत राजहंसगड)

रोप लावणीचे दिवस. पोटरीभर चिखल, पाठीवर प्लास्टिकचा कागद आणि कमरेत वाकलेली बायकांची रांग. डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हातानं चिखलात रोवायचं आणि एक पाऊल मागं सरकायचं. येळ्ळूरच्या बासमतीचं नाव लांबवर आहे. तो असा, मागं सरकत सरकत लावला जातो.

एवढं राबणाऱ्या बाईला व्यायाम कशाला, असं गावात सगळेच म्हणतात. आम्हाला मात्र, लिम्फोमासारख्या कर्करोगाच्या धोक्याचा विचार करताना, हे कष्ट आणि व्यायाम एकाच मापानं मोजणं पटत नाही.

(निपाणी, विडीकामगारांची वस्ती)

आता निपाणीची ही गल्ली. तेंदूची पानं रात्रीच भिजवून ओल्या पोत्यात ठेवली आहेत. सकाळी पत्र्याचा साचा पानावर ठेवायचा, कात्री फिरवायची, शिरा काढायच्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. चिमूट पानावर पसरली, बोटांनी वळली, तोंड दुमडलं, दोरा गुंडाळला. एक विडी झाली. मजुरी मिळते हजारावर. बोटं पाहा, थांबतच नाहीत. आणि पाय पाहा. मांडी घातली ती घातलीच. तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते, ती वेगळीच.

एकीचं अंग दिवसभर वाकलेलं, दुसरीचं दिवसभर बसलेलं. दोघींच्याही दिवसात स्वतःसाठी पाऊल टाकायला वेळ नाही.

(मान, काख आणि जांघेतल्या गाठी दाखवणारं रेखाचित्र)

लिम्फोमा हा लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. जंतूंशी लढणाऱ्या याच पेशी. मान, काख, जांघ इथल्या गाठींमध्ये त्यांचा मुक्काम असतो. या गाठींमधून लसीका हा द्रव वाहतो. रक्ताला हृदय ढकलतं, तसा पंप लसीकेला नाही. स्नायू हलले, श्वास खोल गेला की ती पुढं सरकते.

२०१६ साली अमेरिका आणि युरोपातल्या १४ लाख ४० हजार लोकांच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या. त्यात धरली होती ती फक्त फावल्या वेळातली हालचाल: चालणं, पोहणं, खेळणं. भरपूर हालचाल करणाऱ्यांमध्ये २६ पैकी १३ कर्करोगांचा धोका कमी दिसला. लिम्फोसाइटच्याच कुळातला मायलोमा त्या १३ मध्ये आहे. लिम्फोमाच्या बाबतीत फरक थोडा दिसला, ठाम म्हणावा असा नाही. ठाम नाही म्हणून तो सोडून द्यावा, असं आम्हाला वाटत नाही.

कामातल्या कष्टांचा हिशेब निराळा निघतो. २०१८ च्या एका मोठ्या आढाव्यात अंगमेहनतीचं जड काम करणाऱ्या पुरुषांमध्ये अकाली मृत्यूचा धोका १८ टक्के जास्त आढळला. तो आकडा सगळ्या कारणांच्या मृत्यूंचा आहे, एकट्या लिम्फोमाचा नाही. पण जड कामात विसावा नसतो, चाल आपली नसते, आणि कामासोबत आणखी काही अंगात शिरतं. शेतात पूर्वी फवारलं जायचं ते लिंडेन हे कीटकनाशक घ्या. २०१५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं ते लिम्फोमाला कारणीभूत ठरवलं. भारतात त्याचा वापर २०१३ पासून बंद आहे. त्याआधी ज्यांनी ते उघड्या हातांनी फवारलं, ती माणसं आजही गावात आहेत.

(बेळगाव, टिळकवाडी, व्हॅक्सिन डेपोचं मैदान, पहाट)

इथली झाडी बघा, आणि ही माणसं. पायात बूट, हातात काठी, सोबत कुणीतरी बोलायला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल सांगते. इथं ती सहज भरतात. निपाणीच्या त्या गल्लीत हीच १५० मिनिटं कोण देणार? हजार विड्यांच्या मजुरीत ती बसवलेली नाहीत. ती बसवावीत, आणि वस्तीजवळ बायकांना निर्धास्त चालता येईल अशी जागा असावी, एवढं आमचं मागणं आहे.

दवाखान्यात केसपेपरवर धंदा लिहून घेतात. कामाबाहेर किती चालता, हेही विचारायला हवं.

(दवाखान्याची ओसरी, बाकावर बसलेल्या बायका)

मानेत, काखेत किंवा जांघेत न दुखणारी गाठ दोन-तीन आठवड्यांत बसली नाही, ताप रेंगाळला, रात्री घामानं अंथरूण भिजलं, वजन उतरलं, तर साधं अवधाण, म्हणजे जखमेनं सुजलेली गाठ, समजून लेप लावत बसू नका. आपल्याकडे अशी गाठ पुष्कळदा टीबीची निघते, पण अंदाजानं औषध सुरू करण्याआधी गाठीचा तुकडा तपासून घ्या. लिम्फोमाचे कितीतरी रुग्ण उपचारांनी बरे होतात.