पांढऱ्यावरचे पांढरे : सोमनाथ होर यांची मुद्राचित्रे पुस्तकात छापताना

मित्रहो, भडक रंगांचे चित्र पुस्तकात हुबेहूब उतरवणे अवघड असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. छपाईच्या कामात इतकी वर्षे काढल्यावर माझे मत वेगळे झाले आहे. ज्या चित्रात शाईच नाही, ते छापणे सर्वांत अवघड, आणि म्हणूनच आज मी बंगाली चित्रकार-शिल्पकार सोमनाथ होर यांच्या ‘जखमा’ या मुद्राचित्रांच्या, म्हणजे ठसा किंवा साचा वापरून केलेल्या चित्रांच्या, मालिकेविषयी बोलणार आहे.

होर यांचा जन्म १९२१ साली चितगाव भागात झाला. १९४३ चा बंगालचा दुष्काळ त्यांनी ऐन तारुण्यात पाहिला आणि भुकेने खंगलेल्या माणसांची रेखाटने केली. १९४६ साली तेभागा चळवळीतल्या, म्हणजे पिकाचा दोन-तृतीयांश वाटा मागणाऱ्या बंगालच्या बटाईदार शेतकऱ्यांमध्ये हिंडून त्यांनी चित्रे काढली आणि टिपणेही लिहिली. पुढे शांतिनिकेतनच्या कलाभवनात मुद्राचित्रण शिकवत असताना, १९७० च्या दशकात, त्यांनी ही मालिका केली. तिच्यात माणसाची आकृती उरलेली नाही. उरली आहे ती केवळ त्वचेसारखी पसरलेली पांढरी पातळी आणि तिच्यावरचे चिरे, भोके, फाटलेल्या कडा. मातीच्या सपाट थरावर हत्यारांनी घाव घालायचे, त्यावरून सिमेंटचा साचा घ्यायचा आणि त्या साच्यात कागदाचा ओला लगदा दाबून वाळू द्यायचा, अशी ही पद्धत. मातीतला खड्डा सिमेंटमध्ये उंचवटा होतो आणि कागदात पुन्हा खड्डा होऊन येतो. म्हणजे येथे चित्र कागदावर नाही, कागद हेच चित्र आहे. अशा वस्तूचे सपाट पानावर आपण काय छापणार? तिच्यावर पडलेला उजेड, दुसरे काही नाही.

त्यामुळे या पुस्तकाची खरी छपाई छायाचित्रकाराच्या दिव्यापाशी सुरू होते. चित्रांची छायाचित्रे घेताना दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांवर सारखे दिवे लावण्याची रीत आहे. तैलचित्राला ती ठीक आहे, पण येथे दोन्ही दिवे एकमेकांच्या सावल्या पुसून टाकतात आणि हाती कोरा कागद येतो. एकच दिवा हवा, तोही पृष्ठभागाला जवळजवळ घासून जाणारा, आणि समोरच्या बाजूला सावली थोडी उजळण्यापुरता पांढरा पुठ्ठा. दिवा फार खाली नेला तर लगद्याचा प्रत्येक तंतू दगडासारखा दिसू लागतो आणि मूळ कामातली शांतता नाहीशी होते. हा मोह छायाचित्रकाराने आवर्जून टाळावा.

आणि उजेड चित्राच्या वरच्या कडेकडून, शक्यतो डाव्या बाजूने यावा. या गोष्टीवर मी हट्टाने बोलतो, कारण एका कामात माझ्या हातूनच ही चूक झाली होती. आपला डोळा उजेड वरून येतो असे धरूनच पाहतो. खालून उजेड दिलेले छायाचित्र छापले की खड्डे फुगवट्यांसारखे दिसतात. माझ्यासमोरच्या प्रूफावर, म्हणजे छपाईआधीच्या नमुन्यावर, घावांच्या जागी गळवे उठली होती. सगळे आकडे बरोबर होते, शाई बरोबर होती, आणि चित्राचा अर्थ मात्र पूर्णपणे उलटला होता.

यंत्रावर गेल्यावर प्रश्न करड्या छटांचा येतो. ऑफसेटमध्ये, म्हणजे पुस्तके छापण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, पांढरी शाई सहसा वापरत नाहीत. पांढरा असतो तो पुस्तकाचा कागद, आणि सावल्या बारीक ठिपक्यांनी बांधाव्या लागतात. नेहमीच्या चार शायांतून फिकट करडा काढला तर एखादी शाई किंचित कमीजास्त होताच एक पान गुलाबी आणि पुढचे निळसर होते. म्हणून काळी शाई आणि तिच्या जोडीला मुद्दाम मिसळलेली उबदार करडी शाई, अशा दोनच शायांत हे काम करावे, असे माझे मत आहे. कागदाचा जेमतेम दोन-तीन टक्के भाग झाकणारे ठिपके यंत्रावर गळून पडतात आणि हलक्या उतारावर एकाएकी कोऱ्या कागदाची कड उमटते. ती टाळण्यासाठी सर्वांत उजळ जागेतही अगदी पातळ छटा राखावी लागते.

पुस्तकासाठी चकचकीत आर्ट पेपर मला येथे चालत नाही, कारण त्याची चमक सावल्यांशी भांडते. शुभ्रता वाढवणारी रसायने घातलेला निळसर कागदही नको; हाताने दाबलेल्या लगद्याचा पांढरेपणा त्याहून मऊ असतो. लेप नसलेला, किंचित पिवळसर कागद घ्यावा, मात्र तो शाई शोषतो आणि ठिपका पसरतो, हे धरून छपाईच्या प्लेटवरचे ठिपके आधीच हलके करावेत.

कोणी सुचवतात की पानावर उठावाचा ठसाच मारू या, म्हणजे वाचकाला हात फिरवता येईल. मी याला विरोध करतो. धातूचा ठसा तयार कागदाला दाबून ताणतो. होर यांच्या कागदाचे तंतू ओले असतानाच साच्यात जाऊन बसलेले आहेत. त्या ठशाने मिळेल तो लग्नपत्रिकेवरच्या गणपतीसारखा उठाव, आणि वाचकाला वाटेल की आपण मूळ वस्तूला स्पर्श केला.

त्याऐवजी छायाचित्र मध्यम करड्या पार्श्वभूमीवर घ्यावे, कागदाची खडबडीत कड आणि तिची सावली न कापता तशीच ठेवावी, एकही चित्र दोन पानांच्या शिवणीत जाऊ देऊ नये आणि प्रत्येकाखाली सेंटिमीटरमध्ये आकार द्यावा. प्रूफ मूळ चित्राशेजारी, दिवा ज्या बाजूने होता त्याच बाजूला खिडकी ठेवून तपासावे, आणि मशीनमनला त्या वेळी शेजारी उभे करावे, कारण पहिल्या फॉर्मपासून, म्हणजे एका वेळी छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचापासून, शेवटच्या फॉर्मपर्यंत तो करडा रंग त्यालाच सांभाळायचा असतो.