पुस्तकातली पिशवी आणि विकायची पिशवी

(ठाण्यात गृहोद्योग करणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. हस्तकलेची पुस्तकं वाचून वस्तू करायला शिकता येतं, यात शंका नाही. पण त्याच पुस्तकांच्या भरवशावर वस्तू विकायला काढल्या की हिशेब बसत नाही, आणि मग आपल्याला वाटतं की आपलाच हात कच्चा. हात कच्चा नसतो. पुस्तक एक वस्तू नीट कशी होते ते सांगतं, आणि कमाई ठरते ती पन्नासाव्या वस्तूला किती कापड, किती वेळ आणि किती नासधूस लागली यावर.

वाचनालयातली मांडणीसुद्धा असंच सांगते. दशांश वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या पद्धतीत, हस्तकला ७४५.५ ला, भरतकाम-विणकाम ७४६ ला, शिवण ६४६ ला. हिशेब ठेवण्याची पुस्तकं ६५७ ला आणि व्यवसाय कसा चालवायचा ती ६५८ ला. म्हणजे करणं एका कपाटात आणि कमावणं दुसऱ्या. दोन्ही जोडणारी पुस्तकं ७४५.५०६८ या क्रमांकाला मिळतात, पण ती मोजकीच असतात आणि बहुतेक परदेशी. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, वाचनाची सवय आपल्याकडे जुनी आहे. फक्त हस्तकलेचं पुस्तक घरी नेताना हिशेबाचं एक पुस्तकही बरोबर न्या.

पुस्तक हातात घेतलंत की आधी प्रकाशनाचं वर्ष पाहा. जुलै २०१७ च्या आधीच्या पुस्तकातलं विक्रीकराचं प्रकरण सोडून द्या, कारण त्यानंतर जीएसटी आला. महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला साधारणपणे वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, पण परराज्यात किंवा ऑनलाइन विकायचं असेल तर नियम वेगळे आहेत, ते सल्लागाराला विचारूनच ठरवा. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंद, २०२० पासून ऑनलाइन आणि मोफत होते. तिच्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. आणि कापडी पिशव्यांच्या मागणीबद्दल २०१८ च्या आधी जे लिहिलं गेलं ते आता लागू नाही, कारण त्या वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली.

दुसरं, हक्कांचं पान वाचा. नमुने फक्त वैयक्तिक वापरासाठी आहेत असं बऱ्याच पुस्तकांत बारीक अक्षरांत छापलेलं असतं. तो नमुना जसाच्या तसा छापून शंभर पिशव्या विकणं म्हणजे दुसऱ्याची मेहनत विकणं. वारलीबाबत तर आपण विशेष काळजी घ्यायला हवी. पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा झाला, त्याआधी वारली चित्रकारांचा डहाणू-तलासरीचा भाग आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. जिव्या सोमा म्हशे यांनी ती चित्रं भिंतीवरून कागदावर आणली आणि जगभर नेली. या कलेला भौगोलिक मानांकन आहे. पुस्तकातली आकृती गिरवून वर ‘अस्सल वारली’ अशी चिठ्ठी लावणं योग्य नाही. चित्र काढणाऱ्यांकडूनच काढून घ्या आणि त्यांचा मोबदला किमतीत धरा.

आता मुख्य मुद्दा. एक साधी भाजीची पिशवी घेऊ आणि पुस्तकातलं बेतणं तपासू.

तयार पिशवी १४ इंच रुंद, १६ इंच उंच. दोन्ही बाजूंना शिवणीसाठी अर्धा-अर्धा इंच धरला की तुकडा १५ इंच रुंद. तळाला घडी ठेवायची, म्हणून लांबी १६ आणि १६, वर दोन्हीकडे दुमडायला दीड-दीड इंच, एकूण ३५ इंच. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, ४४ इंच. दोन्ही काठांचा मिळून एक इंच सोडला की ४३ उरतात. त्यात दोन पिशव्यांचे ३० गेले, राहिले १३. त्यातून सव्वातीन इंचांच्या चार पट्ट्या निघतात, त्या २६ इंचांवर कापल्या की दोन पिशव्यांचे चारही बंद, म्हणजे हातात धरायचे पट्टे, तयार झाले. म्हणजे एका मीटरमध्ये दोन पिशव्या, वर आतल्या खिशापुरता तुकडा. कागदावर हे चोख आहे.

पण हा हिशेब कोऱ्या कापडाचा आहे. भिवंडीच्या मागावरचा मांजरपाट असो की उल्हासनगरच्या बाजारातलं सुती कापड, न धुतलेलं कापड पहिल्या पाण्यात आटतं. पाच टक्के धरा. ४४ चा पन्हा ४१.८ वर येतो. काठ सोडून ४०.८, त्यातून ३० वजा केले की उरले १०.८. चार पट्ट्या करायच्या तर पावणेतीन इंचही मिळत नाहीत. पट्टी चौपदरी दुमडल्यावर सव्वातीन इंचांचा बंद पाऊण इंचाहून थोडा रुंद होतो, हा मात्र पाऊण इंचही भरत नाही. पाच किलो कांदे-बटाटे घेऊन जिना चढताना असा बंद बोटांत रुततो, आणि ते गिऱ्हाईक परत येत नाही. कापड न धुता शिवलंत तर बंद रुंद राहील, पण पिशवी गिऱ्हाइकाच्या घरी आटेल आणि शिवणीवर गोळा होईल. उपाय सोपा आहे. कापड आधी धुवा आणि पिशवी एक इंच अरुंद करा. १४ चे दोन तुकडे म्हणजे २८, उरतात १२.८, पट्टी ३.२ इंचांची. मीटरला दोन पिशव्या कायम. कापड मात्र ३६ पन्ह्याचं आणलंत तर हे बेतणं लागूच होत नाही, कारण दुसऱ्या पिशवीचे बंद त्यातून निघत नाहीत. परदेशी पुस्तकं ४४ इंच गृहीत धरतात आणि बरेचदा तसं स्पष्ट लिहितही नाहीत.

पिशवी फाटते ती मधोमध नाही, बंदाच्या जोडावर. बंद वरच्या दुमडीत दीड इंच आत घ्या, चौकोन शिवा आणि त्यात फुली मारा. सुई १४ नंबरची, जाड कॅनव्हास असेल तर १६. बारीक सुईने जाड जोड शिवला की टाके सुटतात किंवा सुई तुटते. टाका अडीच मिलिमीटरचा. बाजूला फ्रेंच शिलाई, म्हणजे कापडाच्या कडा आत झाकणारी दुहेरी शिलाई, घातली की धागे निघत नाहीत आणि कडांना इंटरलॉक मारण्याचा खर्च वाचतो. नवा नमुना केला की एका पिशवीत पाच किलो तांदूळ भरून ती रात्रभर खुंटीला टांगा. सकाळी जोडाजवळचं कापड ताणून विरळ दिसलं, तर आत एक पट्टी देऊन जोड पक्का करा, मगच पुढच्या पिशव्या कापा.

आता किंमत. पुस्तकात सूत्र असतं, सामानाचा खर्च गुणिले तीन. हे सूत्र क्रोशाला लावून पाहा. दोरा ८० रुपयांचा, काम नऊ तासांचं. तिपटीने किंमत २४०. तासाला ९० रुपये धरले तर नुसती मजुरीच ८१० होते. ज्या कामात सामान थोडं आणि वेळ फार, तिथे हे सूत्र करणारीचं नुकसान करतं. म्हणून घड्याळ लावा.

आपल्या पिशवीचं मांडू. दर उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही घाला. कापड मीटरला १२०, म्हणजे पिशवीला ६०. दोरा ५, चिठ्ठी आणि वेष्टण ६. झाले ७१. नासधूस पाच टक्के, चार रुपये. ७५. वेळ कापायला ६ मिनिटं, शिवायला २८, धागे कापून इस्त्री ६, एकूण ४०. तासाला ९० ने मजुरी ६०. झाले १३५. वीज, सुया, मशीनची झीज, बाजाराचं येणं-जाणं मिळून १५. एकूण १५०. त्यावर नफा वीस टक्के, ३०. तुमच्या हातात १८० यायला हवेत.

दुकानदार म्हणतो, मी ३५ टक्के ठेवतो. इथे सर्वांत जास्त चूक होते. आपण १८० वर ३५ टक्के चढवून २४३ ची चिठ्ठी लावतो. पण तो ३५ टक्के छापील किमतीवर घेतो. २४३ मधले ८५ त्याचे, तुमच्या हातात १५८. नफा ३० चा ८ झाला. बरोबर रीत म्हणजे १८० भागिले ०.६५, म्हणजे २७७. ही किंमत गिऱ्हाइकाला जड वाटत असेल तर ते दुकान त्या पिशवीसाठी नाही. बेलापूरच्या अर्बन हाट या हस्तकला बाजारासारख्या ठिकाणी स्वतः बसून विकायचं असेल तर दुकानाचा वाटा जातो, पण स्टॉलचं भाडं आणि तुमचे दिवसाचे तास किती पिशव्यांवर वाटले जातात ते आधी मांडा. भाडं, प्रवास आणि वेळ मिळून २,००० होत असतील आणि ४० पिशव्या विकल्या, तर पिशवीमागे ५० रुपये लागले. वीसच विकल्या तर १००, म्हणजे दुकानापेक्षा महाग.

मोठी मागणी आली की उलटं मोजायचं. दिवाळीला २०० पिशव्या हव्या आहेत. ४० मिनिटांनी ८,००० मिनिटं, म्हणजे सुमारे १३३ तास. घरचं सगळं सांभाळून रोज तीन तास मिळत असतील तर ४५ दिवस लागतात. दहा पदर एकत्र कापले तर कापण्याचा वेळ सहावरून दोन मिनिटांवर येतो आणि पाच दिवस वाचतात. तरी शिवण सप्टेंबरमध्येच सुरू व्हायला हवी. कापड १०० मीटर, आणि ते आधी धुऊन घ्यायचं आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात आपल्याकडे गॅलरीत टाकलेलं सुती कापड दोन-दोन दिवस ओलसर राहतं. त्यात मांजरपाटाला खळ असते, दमट हवेत तिच्यावर बुरशी धरते आणि काळे ठिपके पडतात, ते निघत नाहीत. म्हणून दिवाळीचं कापड मे महिन्यात आणायचं, कोमट पाण्यात रात्रभर भिजवून खळ पूर्ण काढायची, कडक उन्हात वाळवायचं आणि गुंडाळून, वर्तमानपत्रात नाही, जुन्या सुती चादरीत बांधून ठेवायचं. वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या कापडाला लागते.