कोंड्यातल्या अळ्या : सरपटणाऱ्या प्राण्यांच्या खाद्याचा घरगुती उद्योग

प्लॅस्टिकचा एक उथळ ट्रे घरातल्या बंद गॅलरीत सहज मावतो. त्यात चार-पाच सेंटिमीटर जाडीचा गव्हाचा कोंडा पसरलेला आहे, वर गाजराचे काप ठेवलेले आहेत, आणि जरा निरखून पाहिले तर सगळा कोंडाच हलत असल्याचा भास होतो. ही हालचाल टेनेब्रिओ मोलिटर या भुंगेऱ्याच्या अळ्यांची आहे. पाळीव प्राण्यांच्या बाजारात त्यांना मीलवर्म म्हणतात. साठवणीच्या धान्याची आणि पिठाची कीड म्हणून जगभर ज्यांचा बंदोबस्त केला जातो, त्याच अळ्या इथे दाणापाणी देऊन वाढवल्या जातात.

त्या विकत घेणारे कोण, हा प्रश्न पहिला ट्रे मांडण्यापूर्वीच विचारायला हवा. ऑस्ट्रेलियन वंशाचा बिअर्डेड ड्रॅगन हा सरडा पाळणारे लोक आपल्या शहरांत आहेत, पण त्यांची संख्या मर्यादित आहे. अरोवाना, फ्लॉवरहॉर्न यांसारखे मासे आणि परदेशी पक्षी पाळणारे त्यांच्याहून कितीतरी अधिक. त्यामुळे सरपटणाऱ्या प्राण्यांचे खाद्य म्हणून उभा राहिलेला उद्योग प्रत्यक्षात मासे आणि पक्षी पाळणाऱ्यांच्या खरेदीवरच तगतो. हिरवा इग्वाना हा मोठा सरडा पाळणारा ग्राहक आला, तर त्याला मात्र अळ्या विकू नयेत. तो प्राणी शाकाहारी आहे आणि प्राणिज प्रथिनांचा त्याला अपायच होतो. अशी विक्री नाकारणारा विक्रेता ग्राहकाच्या कायमचा लक्षात राहतो, असे आमचे निरीक्षण आहे.

कायद्याची बाजूही इथेच सांगितली पाहिजे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार अजगर, घोरपड किंवा स्टार कासव घरात पाळणे हा गुन्हा आहे, आणि अशा प्राण्यासाठी खाद्य मागणाऱ्याशी व्यवहार न करणेच शहाणपणाचे. ज्या परदेशी प्रजाती वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील ‘सायटीस’ कराराच्या परिशिष्टांत आहेत, त्यांच्या मालकांना 2024 च्या नियमांनुसार ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. उद्योग म्हणून आपली स्वतःची नोंद करायची असेल, तर ‘उद्यम’ नोंदणी विनाशुल्क आणि स्वयंघोषणेवर होते.

आता मूळ कामाकडे वळू. भुंगेऱ्याची मादी आपल्या दोन-तीन महिन्यांच्या आयुष्यात काही शे अंडी घालते. साधारण आठवडा-दोन आठवड्यांत त्यांतून केसाएवढ्या बारीक अळ्या निघतात, त्या दोन ते तीन महिने खात राहतात, मग कोषात जातात आणि आणखी आठवडा-दोन आठवड्यांनी भुंगेरे होऊन बाहेर पडतात. हे चक्र आपोआप चालते, म्हणून पैदास सोपी वाटते. अडचण अशी की भुंगेरे स्वतःचीच अंडी खातात आणि अळ्या व भुंगेरे दोघेही हालचाल न करू शकणारे कोष कुरतडतात. सगळे एकाच ट्रेमध्ये ठेवणाऱ्याच्या हाती म्हणूनच फारसे काही लागत नाही. अनुभवी मंडळी भुंगेरे जाळीच्या तळाच्या ट्रेमध्ये ठेवतात. अंडी त्या जाळीतून खालच्या कोंड्यात पडतात, दर आठवड्याला खालचा ट्रे बदलला जातो आणि त्यावर तारीख लिहिली जाते.

या तारखेवरच धंद्याचा सारा हिशेब उभा आहे. पूर्ण वाढलेली एक अळी साधारण शंभर ते सव्वाशे मिलिग्रॅम भरते, म्हणजे एका किलोत आठ ते दहा हजार अळ्या येतात. दर आठवड्याला एक किलो माल द्यायचा असेल आणि अंड्यांपासून अळीपर्यंत निम्मी गळती धरली, तर एका मादीमागे आठवड्याला पंधराएक अळ्या हाती लागतात. म्हणजे सहाशे माद्या, आणि नर-मादी ओळखून वेगळे करण्याच्या फंदात कोणी पडत नसल्याने, एकूण बाराशे भुंगेरे सतत अंडी घालते असले पाहिजेत. शिवाय वेगवेगळ्या वयाचे बारा-चौदा ट्रे एकाच वेळी मांडणीवर हवेत. पहिले तीन-चार महिने विकायला जादा असे काहीही हाती येत नाही. या काळात घाईने मोठ्या अळ्या विकून टाकल्या, तर पुढच्या पिढीचे भुंगेरेच उरत नाहीत, आणि बहुतेक घरगुती प्रयत्न नेमके याच टप्प्यावर बंद पडतात.

या अळ्यांना 25 ते 28 अंश सेल्सिअस तापमान आणि साधारण 60 ते 70 टक्के आर्द्रता मानवते. महाराष्ट्रात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी क्वचितच लाभतात. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतला ट्रे एका दुपारीत संपूर्ण मरू शकतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळा त्याहून त्रासदायक ठरतो, कारण ओलसर कोंड्यावर बुरशी येते आणि मग पिठासारखे दिसणारे बारीक माइट्स ट्रेच्या कडांवर चढू लागतात. त्यावर औषध मारता येत नाही. जे माइट्सना मारते ते अळ्यांनाही मारते. कोंडा आधी कढईत कोरडा भाजून थंड करणे, गाजराचे काप एका दिवसात खाऊन संपतील इतकेच घालणे आणि ट्रेवर झाकणाऐवजी जाळी लावणे, एवढेच उपाय हाती असतात. मुंग्यांसाठी मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावे लागतात. भिंतीवरची पाल तर या मालाची फुकट गिऱ्हाईकच असते. मात्र सर्वांत मोठा धोका माणसांकडून येतो: सोसायटीत पेस्ट कंट्रोल होणार असल्याची सूचना फलकावर लागली की त्या दिवशी ट्रे दुसरीकडे हलवावेच लागतात.

अळ्यांची कात आणि विष्ठा यांची धूळ सतत उडत असल्यामुळे काही जणांना शिंका, अंगावर खाज किंवा दम्याचा त्रास होतो. ट्रेमधला कोंडा चाळताना मास्क लावणे आणि झोपण्याच्या खोलीत ट्रे न ठेवणे हे त्यासाठी आवश्यक आहे.

मालाच्या दर्जाचा मुद्दा बहुतेक जण केवळ अळीच्या आकारावर निकालात काढतात, आणि ते बरोबर नाही. मीलवर्ममध्ये प्रथिने आणि चरबी भरपूर असते, पण कॅल्शियम अत्यल्प आणि फॉस्फरस त्याच्या अनेक पट असतो. सरपटणाऱ्या प्राण्यांना याच्या उलट प्रमाण लागते. नुसत्या मीलवर्मवर वाढवलेल्या सरड्याचा जबडा मऊ पडतो, पाय वाकतात आणि हाडे सहज मोडतात. म्हणून विक्रीच्या आधी एक-दोन दिवस अळ्यांना कॅल्शियमयुक्त खाद्य द्यावे, आणि भरवताना वरून कॅल्शियमची पूड लावावी, ही सूचना प्रत्येक डब्यावर मराठीत छापावी. सोबत हेही सांगावे की मीलवर्म फ्रिजच्या दारातल्या कप्प्यात काही आठवडे सुस्तावून टिकतात, मात्र त्यांच्यापेक्षा मोठे असलेले सुपरवर्म त्याच थंडीत मरतात.

जम बसल्यावर रातकिड्यांकडे वळण्याचा मोह होतो. त्यांची वाढ जलद होते, पण नरांचा रात्रभराचा किरकिराट शेजारी सहन करत नाहीत, आणि ‘घरगुती रातकिडा’ या जातीला ग्रासणाऱ्या डेन्सोव्हायरस या विषाणूने 2010 च्या सुमारास अमेरिकेतल्या मोठमोठ्या रातकिडे-पैदास केंद्रांचाही माल संपवला होता. सापांसाठी उंदीर वाढवणे हे निराळेच काम आहे. तिथे दुर्गंधी, रोग आणि प्राण्यांना वेदना न होऊ देण्याची जबाबदारी हे सगळे एकदम अंगावर येते, आणि सदनिकेत ते करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

ट्रेच्या तळाशी साचणारी वाळूसारखी विष्ठा खत म्हणून गच्चीवर बाग करणाऱ्यांना विकता येते. तिच्यात न फुटलेली अंडी असू शकतात, म्हणून पिशवीत भरून दोन-तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवल्यानंतरच ती घराबाहेर द्यावी.